पांचांमुखीं परमेश्वर?

एखाद्या गांवाविषयीं कांहीं लिहावयाचें तर त्या गांवीं निदान एक पावसाळा काढावा, असें आम्ही समजत होतों. आतां दोन तास पुरतात. सकाळच्या गाडीनें जावें, समाजमंदिरांत दहाबारा माणसें गोलाकार बसवावीं, मध्यें आवाज टिपणारें यंत्र ठेवावें, सहासात प्रश्न विचारावे, चहा पाजावा आणि दिवेलागणीच्या आंत परत यावें. पुढें कांहीं महिन्यांनीं जो अहवाल निघतो त्यांत 'गांवकऱ्यांचें मत असें आहे कीं' अशा शब्दांनीं सुरू होणारीं वाक्यें पानोपानीं आढळतात. या उद्योगास 'गुणात्मक संशोधन' असें भारदस्त नांव आहे. आणि ज्या बैठकीवर त्याचा डोलारा उभा असतो तिला 'फोकस ग्रूप' किंवा मराठींत 'लक्ष्यगट चर्चा' म्हणतात. विद्यापीठांतल्या प्रबंधकारांपासून परोपकारी संस्थांपर्यंत आणि साबणाच्या कारखानदारांपासून राजकीय पक्षांपर्यंत सर्वांस ही बैठक सारखीच प्रिय झाली आहे. ती खरें सांगते म्हणून प्रिय झाली असती तर आम्हांस आनंदच होता. ती स्वस्त पडते म्हणून प्रिय झाली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि या स्वस्ताईची किंमत कोणाच्या खिशांतून जाते तें दाखविण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. माणसांस भेटून, त्यांचें म्हणणें ऐकून समाजाचें ज्ञान मिळवावें, याला आमचा विरोध नाहीं. उलट आंकड्यांच्या तक्त्यांत जें सांपडत नाहीं तें माणसाच्या बोलण्यांत सांपडतें, अशी आमची श्रद्धा आहे. आमचा आक्षेप एवढाच कीं, चारचौघांत बोललेला शब्द आणि एकांतांत बोललेला शब्द या दोन भिन्न वस्तु आहेत. एकीच्या जागीं दुसरी ठेवून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा तर असतोच, पण ज्यांच्या तोंडून तो काढला त्यांच्यावर अन्याय करणाराहि असतो. हें विधान हवेंत राहूं नये म्हणून आम्हीं स्वतः पाहिलेली एक बैठक वाचकांपुढें ठेवतों.

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणारा जो रस्ता आहे त्याच्या बाजूनें मुर्धे, राई व मोर्वे हीं गांवें लागतात. भातशेती आणि मिठागरें यांवर जगत आलेली ही आगरी वस्ती. खाडी, तिवरें आणि मिठागरांचे चौकोन या बाजूस अजून दृष्टीस पडतात. पण १९८५ सालीं मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, पुढें हीं गांवेंहि तिच्या हद्दींत आलीं, २००२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. जेथें पिढ्यान्‌पिढ्या सर्वजण एकमेकांस नांवानिशीं ओळखतात अशा गांवाच्या वेशीशीं एवढें शहर येऊन ठाकलें म्हणजे तेथील एकेका गुंठ्याला काय मोल येतें, आणि त्या मोलापायीं घराघरांत काय काय शिजूं लागतें, हें सांगावयास नको. अशा गांवीं संशोधकांची वर्दळ वाढावी हें स्वाभाविकच आहे.

राईतल्या ज्या बैठकीस आम्ही एका स्नेह्याबरोबर हजर होतों ती एका संस्थेनें भरविली होती. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्या जागीं दुसरी असती तरी निराळें कांहीं घडलें नसतें. विषय होता शहराची वाढ आणि गांवाची उपजीविका. नऊ पुरुष व तीन स्त्रिया जमल्या होत्या. प्रश्न विचारणारी मुलगी हुशार व विनयशील होती. 'काका', 'मावशी' म्हणून ती प्रत्येकास बोलतें करण्याचा मनापासून प्रयत्न करीत होती. परंतु पहिल्या पांच मिनिटांतच बैठकीचीं सूत्रें तिच्या हातून निसटलीं. गांवांत ज्यांचा शब्द चालतो असे एक वृद्ध गृहस्थ समोर बसले होते. प्रश्न कोणासहि विचारला तरी उत्तर देणाऱ्याची नजर आधीं त्यांच्याकडे जाई. सार्वजनिक कामासाठीं योग्य मोबदला मिळाला तर जमीन द्याल काय, असा प्रश्न निघाला तेव्हां ते म्हणाले, "गाव ठरवील तसं." मग एकामागून एक माना डोलल्या. एक मध्यम वयाचे गृहस्थ तेवढे "बगू" म्हणाले. स्त्रियांस विचारलें तेव्हां त्यांतली एक हंसून म्हणाली, "आमचं काय? पुरुषमाणसं ठरवतील तसं." यंत्रानें हें सर्व इमानानें टिपलें.

बैठक मोडल्यावर 'बगू' म्हणणारे गृहस्थ आम्हांस रस्त्यापर्यंत पोंचवावयास आले. चालतां चालतां त्यांनीं सांगितलें कीं, सातबाऱ्यावर त्यांच्या चुलत्यांचीं व चुलतभावांचीं मिळून डझनावारी नांवें आहेत, वांटण्या झालेल्या नाहींत, आणि ज्या चुलतभावाशीं याविषयीं बोलाचाली बंद आहे तो बैठकींत त्यांच्या शेजारींच बसला होता. त्याच सुमारास आमच्या स्नेह्याच्या पत्नीस मागील दारीं ती हंसून बोललेली बाई भेटली. तिच्या माहेरच्या जमिनीलाहि भाव आला होता, आणि भाऊ तिच्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागत होते. मुलीला मुलाइतकाच वांटा, असा कायदा महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सर्व देशासाठीं संसदेनें २००५ सालीं केला, हें तिला ठाऊक होतें. सही केली तर वांटा जातो आणि न केली तर माहेर जातें, हेंहि ठाऊक होतें. जमिनीच्या प्रश्नावर त्या बाराजणांत बहुधा सर्वांत अधिक विचार तिनेंच केला असेल. पुढें त्या बैठकीचा जो वृत्तांत आमच्या पाहण्यांत आला त्यांत वस्तीचा कल 'सशर्त अनुकूल' असून स्त्रियांनीं वेगळें मत नोंदविलें नाहीं, अशा अर्थाचा मजकूर होता. (खूण पटेल असा तपशील आम्हीं येथें मुद्दाम बदलला आहे. त्या दोघांच्या संमतीनेंच हें लिहीत आहों.)

आतां या वृत्तांतांत खोटें काय होतें? एकहि शब्द खोटा नव्हता. जें बोललें गेलें तेंच लिहिलें गेलें होतें. दोष ऐकण्यांत नव्हता; जें ऐकलें तें कोणत्या जातीचें बोलणें आहे हें ओळखण्यांत होता. मराठी माणूस 'बघूं' म्हणतो तेव्हां तो क्वचितच निर्णय पुढें ढकलीत असतो. बहुतेक वेळां तो समोरच्याचें मन न दुखवितां 'नाहीं' म्हणत असतो. मुलगी पाहून गेलेल्या वरपक्षाकडून 'बघूं' असा निरोप आला म्हणजे वधूपिता दुसरें स्थळ शोधूं लागतो. 'गांव ठरवील तसं' हें वाक्यहि मत नव्हे. मी येथें मत देणार नाहीं असें सांगण्याची ती सभ्य रीत आहे. हें सर्व त्या संशोधक मुलीस घरीं ठाऊक असलेंच पाहिजे. तिच्याहि मराठी घरांत 'बघूं' चा हाच अर्थ होत असणार. पण संशोधनाच्या कोष्टकांत बसतांना 'बघूं' ची रवानगी 'अनिश्चित' या रकान्यांत झाली आणि मौनाची 'विरोध नाहीं' या रकान्यांत.

या पद्धतीचा जन्म कसा झाला हें तिच्या आजच्या भक्तांनीं एकदां वाचण्यासारखें आहे. १९४१ सालीं न्यूयॉर्कमध्यें पॉल लाझार्सफेल्ड यांनीं आपले सहकारी रॉबर्ट मर्टन यांस रेडिओच्या एका स्टुडिओंत नेलें. तेथें निवडक श्रोत्यांस एक कार्यक्रम ऐकविला जात होता. आवडलेल्या जागीं त्यांनीं हिरवें बटण दाबावें, न आवडलेल्या जागीं तांबडें, आणि कार्यक्रम संपल्यावर असें कां वाटलें तें सांगावें, अशी योजना होती. प्रश्न विचारणारा नकळत उत्तरेंच सुचवीत आहे असें मर्टन यांच्या ध्यानांत आलें, आणि त्या सुधारणेंतून त्यांची 'केंद्रित मुलाखत' निघाली. १९४६ सालीं पॅट्रिशिया केंडल यांच्यासह त्यांनीं तीवर निबंध लिहिला; १९५६ सालीं मार्जोरी फिस्के यांसहि बरोबर घेऊन पुस्तक प्रसिद्ध केलें. या मुलाखतीच्या मुळाशीं एक अट होती: समोर बसलेल्या सर्वांनीं एकच वस्तु नुकतीच पाहिलेली वा ऐकलेली असावी, आणि त्या वस्तूची छाननी संशोधकानें आधीं करून ठेवलेली असावी. रेडिओचा कार्यक्रम सर्वांनीं सारखाच ऐकलेला असतो. त्याविषयीं बोलतांना कोणाचा वांटा बुडत नाहीं कीं कोणाचें माहेर तुटत नाहीं. शिवाय अशा गटांतून जें हातीं येतें तें पुढें तपासून पाहावयाचें अनुमान होय, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे, असें मर्टन यांचें म्हणणें होतें. आणि आपल्या पद्धतीचें बाजारांत जें रूपांतर झालें त्याविषयींची नाराजी त्यांनीं १९८७ सालीं लिहूनहि ठेविली. दंतमंजनाच्या डबीचा रंग कोणता असावा हें ठरविण्यास जी रीत पुरली ती जमिनीचा, जातीचा आणि घरच्या भांडणाचा निकाल लावण्यास पुरेल, हा शोध मात्र मर्टन यांचा नव्हे.

येथें पूर्वपक्ष उभा राहील आणि म्हणेल: "आमच्याच देशांत पांचांमुखीं परमेश्वर मानलेला आहे. एकटा माणूस खोटें बोलेल, फुशारकी मारील. दहाजणांत त्याला तसें करतां येत नाहीं, कारण इतर नऊजण त्याला तेथेंच टोंकतील. मग गटाचें बोलणें एकट्याच्या बोलण्याहून अधिक विश्वासार्ह कां मानूं नये?" हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाहीं. ज्या पंचांच्या मुखीं परमेश्वर मानला ते निवाडा करावयास बसत. त्यांचीं नांवें गांवास ठाऊक असत, निवाडा चुकला तर शिव्या त्यांनाच खाव्या लागत, आणि बसण्यापूर्वीं दोन्ही पक्षांचें ऐकून घेणें त्यांच्यावर बंधनकारक असे. त्या पंचायतींतहि बायकांस आणि गांवकुसाबाहेरच्यांस जागा नव्हती, हें विसरून चालणार नाहीं. तेथें परमेश्वर कोणाच्या मुखानें बोलत असे हें त्यांनीं सोसून पाहिलेलें आहे. म्हणजे म्हणीचा आधार घेऊं जातां तिच्यांतला दोष तेवढा बैठकीनें उचलला आहे आणि जबाबदारी सोडून दिली आहे.

गटांत माणूस खरें बोलतो या समजुतीची परीक्षाहि झालेली आहे. १९५१ सालीं सोलोमन ॲश यांनीं आपले प्रसिद्ध प्रयोग मांडले. एका रेषेबरोबर तीन रेषा दाखवून तिच्याएवढी कोणती, एवढाच प्रश्न. उत्तर डोळ्यांस उघड दिसणारें. पण एकजण खेरीज करून बाकीचे सर्व ॲश यांनीं शिकवून ठेविलेले, आणि ते ठरलेल्या खेपांस एकमुखानें चुकीची रेषा दाखवीत. अशा खेपांपैकीं सुमारें एकतृतीयांश खेपांत त्या एकट्यानें आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून मंडळींच्या हो ला हो मिळविलें. उत्तर कागदावर गुपचुप लिहावयास सांगितलें तेव्हां ही शरणागति पुष्कळ कमी झाली. मंडळींत दुसरा एक जरी खरें बोलणारा निघाला तरीहि ती कमी झाली. तेथें समोर परकी माणसें होतीं आणि प्रश्न रेषेचा होता. राईतल्या बैठकींत समोर चुलता, चुलतभाऊ आणि दीर होते, प्रश्न सातबाऱ्याचा होता, आणि उद्यां सकाळीं त्याच पाणवठ्यावर भेटावयाचें होतें.

यावर 'बैठक बंदच करा काय?' असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. गांव स्वतःसमोर कसें बोलतें हें पाहावयाचें असेल तर बैठकीसारखें साधन नाहीं. कोण आधीं बोलतो, कोणाचें वाक्य कोण तोडतो, कोणता विषय निघतांच सर्वजण चहाकडे वळतात, कोणत्या शब्दावर सर्व हंसतात आणि एकजण हंसत नाहीं, हें एकट्यादुकट्याच्या मुलाखतींत कदापि दिसणार नाहीं. ज्यांचें दुःख सारखें आहे आणि जीं एकमेकांच्या धाकांत नाहींत अशीं माणसें एकत्र बसलीं तर एकीच्या बोलण्यानें दुसरीचें तोंड उघडतें, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. राईतल्या त्या बाईसारख्या चार सासुरवाशिणी निराळ्या बसविल्या असत्या तर हक्कसोडपत्राची गोष्ट बहुधा त्याच दिवशीं निघाली असती. तेव्हां बैठकीनें बैठकीचें काम करावें. तिच्यांत जें दिसलें तें 'चारचौघांत असें बोललें गेलें' म्हणून लिहावें; त्याला 'गांवाचें मत' हें नांव देऊं नये. आणि गुप्ततेचें वचन तर बैठकींत देऊंच नये. संशोधक आपलें तोंड बंद ठेवील. पण आजूबाजूस बसलेल्या अकराजणांच्या तोंडाचा जामीन तो कसा होणार?

मुलाखतीसहि आम्ही देवत्व देत नाहीं. एकांतांत माणूस खरें बोलतोच असें नाहीं. समोरचा कोण आहे हें पाहून तो बोलतो. विचारणारा सरकारी दिसला तर गरिबी वाढते, पाहुणा दिसला तर ती झांकली जाते. पहिल्या भेटींत मिळतें तें उंबऱ्यावरचें उत्तर. ओटीवरचें उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटींत मिळतें. आणि माजघरांतलें मिळावयास कधीं कधीं वर्ष जातें. शिवाय एकदां मिळालेल्या शब्दाचा पुढचा प्रवासहि पाहण्यासारखा असतो. बोलणारा आगरी बोलींत बोलतो. तिच्यांत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' चा 'ल' होतो, ती गोष्ट किरकोळ. पण तिच्यांतला टोमणा, लाडिकपणा आणि राग यांचा सूरच निराळा असतो. लिहून घेणारा तें पुस्तकी मराठींत उतरवितो, तिसरा त्याचें इंग्रजी करतो, चौथा त्या इंग्रजीचे तुकडे करून संगणकावर प्रत्येकास एकेक चिठ्ठी डकवितो, आणि पांचवा त्या चिठ्ठ्या मोजून निष्कर्ष लिहितो. या पांचव्यानें राई पाहिलेली असतेच असें नाहीं. मग अहवालाच्या मध्यभागीं अवतरणचिन्हांत एक वाक्य येतें आणि खालीं लिहिलेलें असतें: 'सहभागी क्रमांक ७, पुरुष, वय ५२'. तें वाक्य क्रमांक सातानें उच्चारलेलें नसतें. तें त्या पांचजणांनीं मिळून रचलेलें असतें.

हें सर्व टाळणें अशक्य आहे असें कोणी म्हणेल तर त्यानें आपल्याच महाराष्ट्रांत मागें वळून पाहावें. १९१७ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचे झालेले तुकडे, घरोघरचें उत्पन्न आणि डोक्यावरचें कर्ज यांचा त्यांत धांडोळा आहे. पण पुण्यालगतच्या एका गांवावरून सगळ्या दख्खनचा निकाल देतां येणार नाहीं हें ओळखून त्यांनीं एन्. व्ही. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुक हें दुसरें, कोरडवाहू गांव घेतलें आणि तो अभ्यास १९२१ सालीं निघाला. स्वतःच्या पहिल्या उत्तरावर संशय घेऊन दुसऱ्या गांवची वाट धरणारा संशोधक आज किती ठिकाणीं दिसतो? मॅन यांचें तें पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या पोटांत गडप झालें आहे; राईची वाटहि त्याच दिशेस चालली आहे. पुढें १९६९ सालीं डॉ. इरावती कर्वे व जाई निंबकर यांची कोयना धरणामुळें उठावें लागलेल्या लोकांची पाहणी डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केली. घरें बुडालीं, माणसें हललीं, तेवढ्यावर प्रश्न मिटला असें न समजतां हललेल्या माणसांचें पुढें काय झालें हें विचारावयास कोणीतरी गेलें, ही त्या पाहणीची थोरवी. आणि १९८९ सालीं ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक मराठीस दिलें. आंबेडकरी चळवळींतल्या स्त्रियांस शोधून काढून, त्यांना भेटून घेतलेल्या मुलाखतींवर तें उभें आहे. ज्या कामाची कागदोपत्रीं नोंदच फारशी नव्हती तें काम त्या स्त्रियांच्या नांवांसह व त्यांच्या बोलण्यांतून इतिहासांत आलें. तेथें 'सहभागी क्रमांक ७' नाहीं. ज्योतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें त्यावरहि त्यांचें नांव आहे, आणि म्हणूनच आज आपण त्यांचा शब्द त्यांचा म्हणून वाचूं शकतों. नांव झांकावें लागतें तेथें तें झांकलेंच पाहिजे. दुबळ्याचें रक्षण त्यांत आहे. पण नांव झांकतांना माणूसच पुसला जाऊं नये.

यावर आंकड्यांचे अभिमानी आम्हांस टाळी देऊं पाहतील आणि म्हणतील, "म्हणूनच आम्ही बोलण्याच्या नादीं लागत नाहीं, आम्ही मोजतों." त्यांच्या पंगतीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. 'जमीन द्याल काय? होय/नाहीं' असा छापील कागद घेऊन ते त्या बाईच्या दारीं गेले असते तर तो कागद तिच्या नवऱ्यानें भरला असता, आणि बैठकींत निदान तिचें हंसणें तरी दिसलें होतें. मोजणी चुकली तर ती पुनः करतां येते. पण काय मोजावयाचें हेंच ज्याला कळलें नाहीं त्याला बोलण्याखेरीज दुसरा गुरु नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं: एवढ्यानें बिघडतें काय? अहवाल कपाटांत पडतात, कोण वाचतो, असें म्हणणारे भोळे आहेत. राई ग्रामपंचायतीच्या कारभारांत असती तर तिला ग्रामसभा असती. तेथें उभें राहून कोणासहि बोलतां आलें असतें आणि त्याची नोंद झाली असती. महानगरपालिकेच्या हद्दींत आल्यावर ती ग्रामसभा गेली. जेथें गांवास आपलें म्हणणें मांडण्याची स्वतःची जागा उरलेली नाहीं तेथें बाहेरच्यानें लिहिलेलें चार ओळींचें 'गांवाचें मत' हाच लेखी पुरावा होऊन बसतो. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाची कारशेड प्रथम राई, मुर्धे व मोर्वे या भागांतच योजिली होती. गांवकऱ्यांनीं विरोध केला, आणि ती पुढें डोंगरीकडे नेण्याचें ठरलें. मग तेथें हजारों झाडांचा प्रश्न उभा राहिला. विरोध हा एक शब्द झाला. त्याच्या आड घर जाण्याची भीति असेल, वांटणी न झालेल्या जमिनीची अडचण असेल, खाडीचें पाणी घरांत शिरण्याची धास्ती असेल, किंवा मोबदला दुसऱ्याच्याच हातीं पडेल हा संशय असेल. प्रत्येकाचें औषध निराळें. तीं कारणें वेगवेगळीं करून समजून घेणें हेंच तर गुणात्मक संशोधनाचें काम! त्याऐवजीं सर्वांची एक मोट बांधून 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' असा शिक्का मारावयाचा असेल तर त्यास संशोधकाची काय गरज? तें काम टपालखात्याचा कारकूनहि करील.

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानें सामाजिक परिणामांचें मूल्यमापन व त्यासाठीं जाहीर सुनावणी सांगितली आहे. पर्यावरणासंबंधींच्या २००६ च्या अधिसूचनेनेंहि अनेक प्रकारच्या प्रकल्पांस जनसुनावणी लावून दिली आहे. जाहीर सुनावणींत माणूस आपल्या नांवानें बोलतो, हरकत घेतो, आणि त्या हरकतीचें काय झालें हें विचारूं शकतो. बाराजणांची चहापानाची बैठक ही सुनावणी नव्हे. ती सुनावणीच्या कागदांना जोडली जाऊं लागली, 'स्थानिकांशीं विचारविनिमय केला' या वाक्याचा आधार म्हणून दाखविली जाऊं लागली, तर ज्या मुलीनें 'काका, मावशी' म्हणून प्रेमानें प्रश्न विचारले तिच्याच हातून त्या काका-मावशींचा हक्क हिरावला जाईल. हा धोका आम्हांस लहान वाटत नाहीं.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. ज्याला बैठक घ्यावयाची आहे त्यानें ती घ्यावी. पण तत्पूर्वीं कोण कोणाचा चुलता आणि कोण कोणाचा कूळ एवढें तरी विचारावें, आणि ज्यांचीं तोंडें एकमेकांसमोर बंद होतात त्यांस एका चटईवर बसवूं नये. बैठकीनंतर त्यांपैकीं कांहींजणांस एकेकटें, आणि एकाहून अधिक वेळां भेटावें. अहवालांत बोलण्याबरोबर न बोलण्याचीहि नोंद असावी. माणसाचें वाक्य छापावयाचें तर तें त्याच्या बोलींत छापावें, आणि भाषांतर त्याच्याखालीं द्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लिहून झाल्यावर तो कागद घेऊन पुनः त्याच गांवीं जावें, त्या लोकांच्या भाषेंत तो मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि 'हें आमचें म्हणणें नव्हे' असें जो म्हणेल त्याचें म्हणणें त्याच कागदावर लिहून घ्यावें. यास वेळ लागेल आणि पैसा लागेल. ज्याच्यापाशीं तो नसेल त्यानें अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावें कीं, आम्ही दोन तास बसलों आणि एवढें ऐकलें. त्यांत कांहीं लाज नाहीं.

राईतल्या त्या दिवसाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. रस्त्यापर्यंत आलेले ते गृहस्थ गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या मुलीजवळ गेले आणि त्यांनीं विचारलें, "बाय, हे लिवशील ते आमाला वाचाया मिलंल का?" मुलगी क्षणभर घुटमळली. तिला खोटें बोलवेना आणि खरें सांगवेना. ती म्हणाली, "बघूं, काका." ते गृहस्थ हंसले. त्या शब्दाचा अर्थ त्यांस विचारावा लागला नाहीं.